छेदातली माणसं

आईच्या कार्डावर गेल्या दोन वर्षांतल्या बीपीच्या सतरा नोंदी आहेत. १३०/८०, १४०/९०, १३०/८०, १५०/९०. सतराच्या सतरा शून्यावर संपणाऱ्या. पाऱ्याच्या यंत्रावर रेघा दोन-दोनच्या अंतराने असतात. म्हणजे शेवटी ०, २, ४, ६, ८ यांतला कोणताही अंक येऊ शकतो, आणि पुष्कळ नोंदी झाल्या की पाचही अंक साधारण सारख्या वेळा दिसायला हवेत. माणसाचं रक्त दहाच्या पाढ्यात वाहत नाही. कुणी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. बाहेर रांग असते, पारा खाली सरकत असतो, आणि डोळा जवळच्या गोल आकड्यावर टेकतो.

आईला या गोलाईने फारसं काही होणार नाही. बाळाच्या वजनात मात्र होतं. २.५ किलोच्या आत जन्मलेलं बाळ कमी वजनाचं धरतात, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं असतं. २.४ च्या जागी २.५ लिहिलं की ते लेकरू त्या यादीतून नाहीसं होतं. जन्मवजनांचे आलेख मी पुष्कळ काढले. २.५ वर एक सुळका उभा असतो आणि त्याच्या लगेच डाव्या हाताला खड्डा. नवीन मुलींना काम शिकवताना मी त्यांना आधी तो खड्डा दाखवते.

*

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात आले की दुपारी ओसरीवर बायका जमतात. माझं काम काय, हे त्यांना सांगायचा मी अनेकदा प्रयत्न केला. संख्याशास्त्र म्हटलं की पुढचं कुणी ऐकत नाही. शेवटी एका आत्याबाईंनी सोपं केलं: "दवाखान्यातल्या आकड्यांचा हिशेब ठिवती. कोन जगलं, कोन गेलं." एवढं पुरेसं आहे. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मला याहून नेमकी व्याख्या मिळाली नव्हती.

*

वय विचारणं हे सर्वेक्षणातलं सगळ्यात अवघड काम. फॉर्मवर तो सगळ्यात सोपा रकाना दिसतो.

"आजी, वय किती?"

"आसंल साठ."

हे साठ म्हणजे साठ नव्हे. ते एक मोठं, गोल, म्हातारं उत्तर आहे. पन्नास, पंचावन्न, साठ, सत्तर असे ढीग प्रत्येक गावात लागतात. म्हणून जाणती गणक बाई वय विचारत नाही, काळ विचारते. आमच्या भागात त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. रझाकारांचा धुमाकूळ आणि १९४८ ची पोलीस ॲक्शन. १९७२ चा दुष्काळ. किल्लारीचा भूकंप, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवल्यानंतरची पहाट. परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९.

याच आजींना मी दुष्काळाचं विचारलं. "खडी फोडायला जायची की! थोरली पोटात व्हती. सुकडी मिळायची, ती मी खायची." लग्न किती वर्षं आधी झालं, पहिलं न्हाण कधी आलं, असं मागे मागे जात आम्ही दोघी मिळून बहात्तर वर्षांपर्यंत आलो. साठ आणि बहात्तर. बीपीचा, मोतीबिंदूचा, पडून हाड मोडण्याचा कोणताही तक्ता घ्या, या बारा वर्षांत तो पार बदलून जातो.

आणि त्या संभाषणात मला आणखी एक गोष्ट कळली, जिच्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. बाई गरोदरपणात सुकडीवर खडी फोडत होती.

*

अंश आणि छेद. चौथीत शिकलेले शब्द. बातम्यांत येतो तो नेहमी अंश: इतके बालमृत्यू, इतके रुग्ण, इतक्या शस्त्रक्रिया. छेद कुणी विचारत नाही. माझा जन्म छेदात जातो.

साधी गोष्ट घ्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथे नोंदवायचा असतो. आता आमच्याकडची सून पहिल्या जचकीला माहेरी जाते. अडलं तर हिंगोलीला नेतात, नाहीतर हद्द ओलांडून वाशिमला. जन्म तिथे नोंदला गेला. बाळ सव्वा महिन्यात नाहीतर तीन महिन्यांनी सासरी आलं. पुढे ते दगावलं तर मृत्यू इथे नोंदला जाईल. म्हणजे गावाच्या अपूर्णांकात वरती मृत्यू आला आणि खाली जन्म आलाच नाही. गावाचा दर उगाच भयंकर दिसेल, शहराचा उगाच चांगला. दोन्ही कार्यालयांनी आपापलं काम चोख केलेलं असेल, आणि तरीही.

म्हणून देशाचा अर्भकमृत्यू दर या नोंदणीवरून काढत नाहीत. त्यासाठी नमुना नोंदणी पद्धत आहे, तिला आम्ही एसआरएस म्हणतो. तिच्यात निवडलेल्या गावांतल्या आणि वस्त्यांतल्या नेहमीच्या रहिवाशांचे जन्म-मृत्यू, ते कुठेही झालेले असोत, मोजले जातात. २०२० साली महाराष्ट्राचा दर दर हजार जन्मांमागे १६ निघाला, देशाचा २८. आपण सोळावर आलो, ही कमाई लहान नाही. फक्त हा सोळा राज्याचा आहे. आमच्या सेनगाव तालुक्याचा सोळा आहे का, हे त्या नमुन्यावरून सांगता येत नाही. तेवढी घरं त्यात नसतातच. तालुक्याचा आकडा हवा असेल तर तालुक्यातच मोजावं लागेल.

*

आज गावच्या आशा सेविका, म्हणजे आमच्या आशाताई, आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत वही, वहीला रबर, त्यात पेन. शेजारच्या बाळाची एकविसाव्या दिवसाची भेट होती. दवाखान्यात जचकी झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांनी हात धुतले, बाळाचा ताप पाहिला, वजन केलं, श्वास मोजले, नाळेची जागा बघितली, आईला दोन प्रश्न विचारले आणि लिहिलं. पंचवीस मिनिटं.

नंतर अंगणवाडीताईंच्या रजिस्टरशी ताळा करायचा म्हणून त्या तिकडे निघाल्या. मी सोबत गेले आणि वाटेत माझ्या डोक्यात जे घोळत होतं ते इथे लिहून ठेवते, कारण ते मला फार मोलाचं वाटतं.

समजा एका वर्षात आशाताईंच्या वहीत ४० जन्म आहेत. अंगणवाडीच्या वहीत, स्वतंत्रपणे, ३० आहेत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून नाव-नाव जुळवलं तर २४ लेकरं दोन्हींत सापडली. मग एकूण लेकरं किती? दोन्ही वह्या मिळून ४६ दिसतात. पण थांबा. अंगणवाडीताईंना सापडलेल्या ३० पैकी आशाताईंना २४ सापडली, म्हणजे आशाताईंची पकड शंभरात ८०. त्यांच्या वहीतले ४० हे शंभरातले ८० असतील तर एकूण ५० होतात. ५० मधून ४६ गेले. चार लेकरं कुठल्याच वहीत नाहीत.

न पाहिलेल्या लेकरांची मोजणी! पहिल्यांदा हे गणित समजलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

ही पद्धत सी. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ साली मांडली, आणि तिच्यासाठीचे आकडे बंगालमधल्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसरातले होते. चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्या प्रशिक्षण केंद्राचे संचालक झाले. देवनारची आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथून चालतं. एसआरएसचा पायाही असाच दुहेरी आहे. गावातला गणक वर्षभर नोंदी ठेवतो, पर्यवेक्षक सहा महिन्यांनी येऊन त्याची वही न बघता घरोघर विचारतो, मग दोन्ही याद्या जुळवतात आणि न जुळलेल्या नावांसाठी पुन्हा दार वाजवतात.

यातले कळीचे शब्द आहेत 'वही न बघता'. आमच्या अंगणवाडीत काय झालं? दोघी ताई शेजारी बसल्या. एकीने नावं वाचली, दुसरीने राहिलेली लिहून घेतली. पंधरा मिनिटांत दोन्ही वह्या सारख्या. दोघींनाही वाटलं, आज काम पुरं झालं. एका अर्थाने झालंही. वहीतून सुटलेल्या लेकराला लस मिळेल, आणि तेच आधी हवं. पण आता जुळणी शंभर टक्के आहे, म्हणून गणित म्हणेल की गावात कुणीच राहिलेलं नाही. कुठल्याच वहीत नसलेली ती चार लेकरं आता गणितालाही दिसणार नाहीत.

यावर माझा उपाय साधा आहे. वह्या जुळवायच्या आधी दोन्हींचे फोटो काढून ठेवायचे. जुळणी करायचीच, पण आधीचा फरक पुसायचा नाही. आशाताई म्हणाल्या, "फरक दिसला तर वरून बोलणी बसतात." हे खरं आहे. फरक म्हणजे चूक, असं वर बसलेल्यांनी धरून ठेवलं आहे तोवर खालून फरक येणार नाही.

*

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पातेल्यातला असतो. दोनशे घरांतून एकेक शीत घ्या, नाहीतर एकाच घरातून दोनशे शितं घ्या. शितं दोनशेच, पण दुसऱ्या वेळी तुम्हाला एकाच बाईच्या हाताची चव कळली.

*

नमुना म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पीक कापणी प्रयोग त्याने पाहिलेला असतो. चिठ्ठीने ठरलेला गट, ठरलेल्या पावलांवर रोवलेली खुंटी, दहा बाय पाचची दोरी, आणि तेवढ्यातलंच सोयाबीन कापून, मळून, तोलून संपूर्ण मंडळाचं उत्पन्न ठरतं. विमा त्यावर मिळतो नाहीतर जातो. आमच्या भावकीत यावरून झालेले वाद मी लहानपणापासून ऐकत आले: माझं रान बुडालं आणि खुंटी पडली ती शेजारच्या चांगल्या रानात.

या पद्धतीमागे एक मराठी माणूस आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. लंडनला नेमन आणि पिअर्सन यांच्याकडे शिकून आले आणि दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीच्या मागे लागले. चाळीसच्या दशकात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी त्यांचा मोठा वाद झाला तो तुकड्याच्या आकारावरून. सुखात्मे म्हणाले, छोटा तुकडा घेतला तर उत्पन्न जास्त भरतं. का? दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात आत ओढतो. एक बाय एकच्या तुकड्यात एक चौरस मीटर जमिनीला चार मीटर दोरी येते, दहा बाय पाचमध्ये पन्नास चौरस मीटरला तीस. काठ जितका जास्त तितका हा लोभ जास्त. आणि असे हजार छोटे तुकडे घेतले तरी ही चूक कमी होत नाही, कारण हात प्रत्येक वेळी आतच ओढतो.

आरोग्याच्या कामात मला हे वाक्य रोज लागतं. मोठा नमुना घेतला की डगमग कमी होते, कल कमी होत नाही. काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल तर लाख बाळं तोलली तरी सरासरी पन्नास ग्रॅमने चुकलेलीच राहील.

सुखात्मे पन्नासच्या दशकात रोमला अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे भुकेच्या आकड्यांकडे वळले. त्यांचा मुद्दा असा की एकच निरोगी माणूस आज कमी खातो, उद्या जास्त. एका दिवसाचं ताट मोजून ते ठरावीक उष्मांकांच्या रेषेखाली आलं म्हणून त्याला उपाशी म्हणता येत नाही. यावर अर्थतज्ज्ञांशी त्यांची भांडणं झाली. त्यांच्या हिशेबाने भूक फार कमी दिसते, ही टीका मला बरीच पटते. पण मूळ निरीक्षण खरं आहे. "काल दिवसभरात काय खाल्लं?" हा प्रश्न आमच्याकडे द्वादशीला विचारून बघा. नर्सी नामदेव जवळ, घरोघर माळकरी. अर्धं गाव साबुदाण्यावर आणि भगरीवर सापडेल.

*

बार्शीचं टिपण. हे नीट लिहायचं होतं, कित्येक दिवस राहिलं.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये ग्रामीण लोकसंख्येची कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यांसाठीची देशातली ती पहिली. डॉ. भगवान नेने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयातले लोक यांनी ती उभी केली. शहरात कर्करोगाची नोंद रुग्णालयाच्या कागदावरून होते. खेड्यात बाई रुग्णालयापर्यंत पोचतच नसे, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन बसत, अंगावरून जातं का, गाठ आहे का, असं विचारत, तपासणीला घेऊन येत. मोजणीच इथे उपचाराची पहिली पायरी झाली.

या पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि चार भागांत वाटले. बायका वाटल्या नाहीत, गावं वाटली. एकाच घरातल्या दोन जावांपैकी एकीला तपासणीला बोलवायचं आणि दुसरीला नाही, हे कोण करणार? पण त्याची किंमत असते. एका गावच्या बायकांचं पाणी, लग्नाचं वय, दवाखान्याचं अंतर सारखं असतं, म्हणून हजार बायका हजार वेगळ्या साक्षी देत नाहीत. म्हणून नमुना एवढा मोठा.

पहिल्या भागात ३४,१२६ बायकांना एचपीव्ही या विषाणूची चाचणी देऊ केली. दुसऱ्यात ३२,०५८ जणींना पेशींची काचपट्टी तपासणी. तिसऱ्यात ३४,०७४ जणींना व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या भागात ३१,४८८ बायका. त्यांना आजाराची माहिती दिली, तपासणी कुठे मिळते ते सांगितलं, पण घराजवळ तपासणी नेली नाही. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं वाट पाहायची.

आठ वर्षांनी या कर्करोगाने गेलेल्या बायका: एचपीव्हीच्या भागात ३४, काचपट्टीत ५४, डोळ्यांनी तपासलेल्यांत ५६, तपासणी नसलेल्यांत ६४.

मी हे छेदासकट पुन्हा पुन्हा मांडते. एचपीव्ही: दर दहा हजारी १०. काचपट्टी: १७. डोळ्यांची तपासणी: १६. काहीच नाही: २०. एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे केले. मधल्या दोन्हींचा फायदा थोडा दिसतो, पण तो योगायोगानेही दिसला असता इतका लहान आहे. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला आणि जगभर धोरणं बदलायला कारण झाला. धाराशिवच्या खेड्यांतल्या, बऱ्याचशा कधी शाळेत न गेलेल्या बायकांनी जगाला हे शिकवलं. या गोष्टीचा मला मनापासून अभिमान आहे, आणि हा अभ्यास मराठवाड्यातल्या शाळांत शिकवला जात नाही याचं दुःख आहे.

दुसरी बाजू. अभ्यासावर पुढे कडक टीका झाली: तपासणीने जीव वाचतात हे इतर देशांत दिसलेलं असताना एकतीस हजार बायकांना तपासणीविना का ठेवलं? अभ्यासकांची बाजू अशी की त्या गावांत तपासणी नव्हतीच, त्यांच्याकडून कुणी काही काढून घेतलं नाही. मी दोन्ही बाजू वाचल्या. तुलनेचा गट नसता तर २० हा आकडा नसता आणि मग १० ला अर्थ नसता, हे मी संख्याशास्त्र शिकलेली बाई म्हणून मान्य करते. पण माझं म्हणणं असं आहे की तुलनेच्या गटाला शेवटी काय मिळणार, कधी आणि कोणाच्या पैशाने, हे पहिल्या दिवशीच्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. ६४ हा आकडा मी जेव्हा लिहिते तेव्हा हात थांबतो.

आणि तो निष्कर्ष येऊन दहा वर्षं उलटल्यावर झालेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या बायका शंभरात दोनही नाहीत. आमच्या ओसरीवर मी विचारलं. अकरा जणी होत्या. एकीचीही झालेली नव्हती.

*

पिशवी. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात आणि "पिशवी काढली" हे इतक्या सहज म्हणतात की बाहेरचा माणूस दचकतो.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या प्रश्नावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांचं सर्वेक्षण झालं, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत राज्याचा आकडा शंभरात तीनच्या आत होता. दोन्ही छेद एकसारखे नाहीत. राज्याच्या आकड्यात पंधरा वर्षांच्या मुलीही धरलेल्या असतात, आणि त्यामुळे सरळ भागाकार करून "सहा पट" असं छापणं बरोबर नाही. वयाप्रमाणे गट पाडून तुलना करायला हवी. केली तरी फरक मोठाच राहील, असं मला वाटतं. फडावर पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाणी नाही, आडोसा नाही. हे कारण कोणत्याही गटवारीने जाणार नाही.

*

माझी एक चूक. एका सर्वेक्षणात माहिती नसेल तिथे ९९ लिहायचं ठरलं होतं. मी वयाची सरासरी काढताना ते ९९ काढून टाकायला विसरले. गरोदर बायकांचं सरासरी वय सत्तावीस आलं. सत्तावीस अशक्य नसतं, म्हणून कुणालाच शंका आली नाही, अहवाल पुढे गेला. ९९ वर्षांच्या गरोदर बायका माझ्या फाइलमध्ये तीन महिने होत्या. खरी सरासरी तेवीसच्या जवळ होती. दुरुस्तीचं पत्र मी स्वतः लिहिलं. तेव्हापासून कोणत्याही रकान्याची सरासरी काढायच्या आधी मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत बघते, आणि कोऱ्या रकान्यात आकडा भरू देत नाही.

*

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. उंची-वजनावरून काढलेला निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा जो अभ्यास झाला, त्यात बाळांचंही असंच दिसलं. वजनाला हलकी, सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, पण चरबी त्या मानाने राखलेली. पुढच्या मधुमेहाचं मूळ तिथवर जातं. सोयाबीन कापणाऱ्या काटक माणसाला शुगर कशी, हे इथल्या लोकांना पडणारं कोडं आहे. दुष्काळात खडी फोडणाऱ्या आजींची थोरली आज पन्नाशीत आहे, तिला शुगर आहे. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. मी फक्त नोंद केली.

*

गडचिरोलीचे काही आकडे आणि एक वस्तू.

'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या अभ्यासात ३९ गावांत गावातल्याच बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावं तुलनेला होती. सुरुवातीला हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२.० आणि ५७.७. तिसऱ्या वर्षी २५.५ आणि ५९.६. आता घट किती? ३९ गावांत जवळजवळ ५९ टक्के घट. तुलनेच्या गावांत तीन टक्के वाढ. दोन्ही मिळून ६२ टक्के. तुलनेच्या गावांतही घट झाली असती तर ती यातून वजा करावी लागली असती. इथे काळ उलटा चालला होता, म्हणून ती मिळवली. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आशाताईंच्या आजच्या त्या सहा भेटी तिथूनच निघाल्या आहेत.

मृत्यू मोजायलाही ते गावातच गेले. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवलं की राज्यातल्या बालमृत्यूंचा मोठा भाग सरकारी कागदावर पोचतच नव्हता.

वस्तू म्हणजे श्वास मोजायचं मण्यांचं यंत्र. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास मोजावे लागतात: दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, त्यापुढे चाळीस. दाईंना बारापर्यंतच मोजता येत होतं. मग दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, शेजारी एक मिनिटाची वाळूची घटिका. शेवटचा लाल मणी सरकला आणि वाळू अजून पडतेय, म्हणजे लेकराला धाप आहे. ज्या बाईला साठ म्हणता येत नाही ती साठ मोजते.

*

संध्याकाळी आशाताईंबरोबर गावाच्या कडेच्या वस्तीवर गेले. ऊसतोडीला गेलेली दोन कुटुंबं परतली होती. एकीच्या कडेवर चार महिन्यांचं लेकरू, जे इथल्या कुठल्याच वहीत नव्हतं. फडावर जन्मलेलं, कारखान्याचं नाव आईला आठवत होतं, तालुक्याचं नाही.

आशाताईंनी नवीन ओळ उघडली. आईचं नाव, वय. वयासाठी त्यांनी लग्नाचं साल विचारलं आणि बोटांवर मोजलं. बाळाचा जन्म: "संक्रांतीच्या आधी दोन दिवस." १२ जानेवारी लिहिलं. लस: एकही नाही.

"जन्माच्या टायमाला वजन किती व्हतं?"

"कुठं केलं वजन, ताई. कोपीत झालं."

पेन रकान्यावर थांबलं. मी काहीच बोलले नाही. आशाताईंनी तो रकाना कोरा ठेवला, शेजारी बारीक अक्षरात 'वजन केले नाही' लिहिलं, आणि पिशवीतून झोळीचा काटा काढून त्या लेकराला आजचं तोलायला घेतलं. चार किलो सहाशे चाळीस.